दोन अधिक दोन किती?



मागच्या रविवारची गोष्ट. सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतोय न घेतोय, तोच दारावरची बेल वाजली. बघतो तर माझी पुतणी. सातवीत आहे. काखेत बुटांचा रिकामा खोका, आणि चेहरा असा, की खोक्यात जणू कोहिनूर हिराच आहे!

"काका, आधी दार लाव. आणि कुणालाही सांगणार नाही असं वचन दे."

दार लावलं. वचन दिलं. मग खोका उघडला. आत टूथपेस्टची एक अर्धवट दाबलेली ट्यूब होती. पण तिचं टोपण नेहमीचं नव्हतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मूळ टोपणावर डिंकानं चिकटवून ते चांगलं जाडजूड केलेलं. बाजूला एक बारीक भोक, भोकातून पांढऱ्या धाग्याचं टोक बाहेर डोकावतंय, आणि भोकाशेजारी धागा कापायला पत्र्याचा इवलासा तुकडा. आत काय होतं माहीत आहे? आईच्या शिवणयंत्राची बॉबिन, आणि तिच्यावर गुंडाळलेला दात साफ करायचा धागा. हा धागा म्हणजे डेंटल फ्लॉस. दोन दातांच्या फटीत ब्रशचे केस पोचत नाहीत. तिथं पेरूची बी नाहीतर मक्याच्या दाण्याचं साल अडकून बसतं. ते हा धागा फटीतून फिरवून काढायचं असतं.

"दाताच्या डॉक्टरांनी मला रोज फ्लॉस वापरायला सांगितलंय," पुतणी सांगू लागली. "पण त्याची डबी सापडेल तर शपथ! कधी कपाटामागे, कधी बेसिनखाली. ट्यूब मात्र कधी हरवत नाही. म्हणून धागा टोपणातच ठेवला. आता सांग, याचं पेटंट मिळेल का?"

मी म्हटलं, "युक्ती झकास आहे! एकटीनंच शोधलीस?"

यावर बाईसाहेब गप्प. मग हळूच खरं बाहेर आलं. धागा टोपणात ठेवायची कल्पना तिच्या मैत्रिणीची. झाकणं जोडून, भोक पाडून वस्तू तयार केली ती हिनं. आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जावर पहिलं नाव कुणाचं, यावरून दोघींची चार दिवस कट्टी! बालवाडीपासून एका बाकावर बसणाऱ्या या दोघी आता वर्गाच्या दोन टोकांना बसतात.

तेव्हा दोस्तांनो, प्रश्न एक नाही, दोन आहेत. या वस्तूचं पेटंट मिळेल का? आणि ही वस्तू नेमकी कुणाची? चला, आज त्याचाच छडा लावू.

पेटंट म्हणजे काय रे भाऊ?

पेटंट हा सरकारशी केलेला एक सौदा आहे. शोध लावणारा म्हणतो, "माझ्या शोधाचं गुपित मी सगळ्यांसमोर उघड करतो. कसं बनवायचं तेही लिहून देतो." सरकार म्हणतं, "ठीक. त्याबदल्यात ठरावीक वर्षं तुझ्या परवानगीवाचून दुसऱ्या कुणालाही ती वस्तू बनवता किंवा विकता येणार नाही." आपल्या देशात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं असते. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा. आणि हो, भारतात मिळालेलं पेटंट भारतापुरतंच. दुसऱ्या देशात हक्क हवा असेल तर तिथं वेगळा अर्ज करावा लागतो.

आता सरकार काही वाटेल त्याला पेटंट देत बसत नाही. परीक्षेत तीन पेपर असावेत तशा तीन कसोट्या असतात. पहिली, वस्तू नवी हवी. जगात कुणी ती आधी केलेली किंवा छापून प्रसिद्ध केलेली नको. दुसरी, ती उपयोगी हवी. आणि तिसरी कसोटी सगळ्यांत अवघड. त्या कामातल्या जाणकार माणसाला जी गोष्ट सहज सुचली असती, ती चालत नाही. शोधात एक उडी हवी. नुसतं पुढचं पाऊल पुरत नाही.

आपल्या टोपणातल्या धाग्याला या परीक्षेला बसवू या. उपयोगाच्या पेपरात पैकीच्या पैकी! नव्याच्या पेपरात मात्र जपून. दात साफ करायला धागा वापरावा असं अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली १८१९ सालच्या आपल्या पुस्तकात सांगून गेले होते. तेव्हा धागा असायचा रेशमाचा. खिशात मावेल अशी धाग्याची डबी, तीही धागा कापायच्या सोयीसकट, हिचं पेटंट अमेरिकेत १८७४ सालीच घेतलं गेलं.

आणि ट्यूब? तिची गंमत आणखीनच वेगळी. दाबली की आतला लगदा बाहेर येणारी धातूची ट्यूब निघाली ती दातांसाठी नव्हेच! १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं ती तैलरंग ठेवायला शोधली. त्याआधी चित्रकार रंग ठेवायचे डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत. शी! म्हणालात ना? टूथपेस्ट ट्यूबमध्ये शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

म्हणजे धागा जुना, धाग्याची डबी जुनी, ट्यूब जुनी, टोपण जुनं. नवी आहे ती फक्त त्यांची जोडी. आणि तीही पूर्णपणे नवी नाही बरं का! टूथपेस्ट आणि फ्लॉस एकाच ठिकाणी ठेवायच्या युक्त्या इतरांनाही सुचलेल्या आहेत, आणि त्यांची पेटंटं अमेरिकेच्या दप्तरात नोंदलेली आहेत. हे ऐकून पुतणीचा चेहरा पडला. पण थांबा. समजा आधी कुणालाच सुचलं नसतं, तरी नुसत्या जोडीला पेटंट मिळालं असतं का? या प्रश्नाचं उत्तर आहे तुमच्या कंपासपेटीत.

पेन्सिलीच्या शेपटाची गोष्ट

काढा बघू ती पेन्सिल, मागे खोडरबर असलेली. या पेन्सिलीवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं होतं, खरं वाटेल?

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात हायमन लिपमन नावाचे गृहस्थ होते. कागद-पेन्सिली विकायचा त्यांचा धंदा. तेव्हा पेन्सिल वेगळी असे आणि खोडरबर वेगळं. आणि खोडरबर ऐनवेळी गायब होणार हा नियम तेव्हाही होताच! लिपमननी पेन्सिलीच्या लाकडात एका बाजूनं शिसं आणि दुसऱ्या बाजूनं रबराची कांडी बसवली. शिसं झिजलं की एक टोक तासायचं, रबर मळलं की दुसरं टोक तासायचं. ३० मार्च १८५८ या दिवशी त्यांना या जोडीचं पेटंट मिळालं. पुढे १८६२ साली जोसेफ रेकेनडॉर्फर यांनी ते विकत घेतलं. त्यासाठी त्यांनी तब्बल १ लाख डॉलर मोजले असं सांगतात. त्या काळचे एक लाख डॉलर, म्हणजे केवढी रक्कम!

रेकेनडॉर्फरना वाटलं, आता आपण बसल्या जागी श्रीमंत होणार. पण फेबर या पेन्सिली बनवणाऱ्यानं तशाच पेन्सिली काढल्या. रेकेनडॉर्फरनी खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८७५ सालच्या त्या खटल्यात निकाल काय लागला? पेटंट रद्द!

का बरं? न्यायालयाचं म्हणणं असं. शिशानं लिहिताना मागच्या रबराचा काही उपयोग होतो का? नाही. रबर नसतं तरी शिशानं तसंच लिहिलं असतं. रबरानं खोडताना शिशाची काही मदत होते का? तीही नाही. दोघं एका काठीच्या दोन टोकांना बसलेत, पण एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत! प्रत्येक जण आपापलं जुनंच काम जुन्याच पद्धतीनं करतोय. सोय झाली हे खरं, पण शोध झाला नाही.

मग जोडीला पेटंट मिळतं तरी कधी? न्यायालयानं त्याचीही उदाहरणं दिली, आणि ती फार छान आहेत. पहिलं उदाहरण रबराचंच. नुसतं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. पण त्यात गंधक मिसळून तापवलं की असं टिकाऊ रबर तयार होतं, जे ना रबरात होतं ना गंधकात. दुसरं उदाहरण शिवणयंत्राचं. एक भाग कापड पुढे सरकवतो, दुसरा टाका घालतो. कापड सरकलंच नाही, तर सगळे टाके एकाच जागी पडतील! दोघं मिळून शिवण घालतात. तिसरं उदाहरण, माथ्यावरच्या खुंटीनं चावी द्यायच्या खिशातल्या घड्याळाचं. पूर्वी घड्याळाची साखळी अडकवायला खुंटी असे, आणि चावी वेगळी ठेवावी लागे. मग खुंटीलाच चावी केलं. एकाच भागानं दोन कामं पार पाडली.

आलं लक्षात? शेजारी शेजारी बसणं वेगळं आणि हातात हात घालून काम करणं वेगळं.

चार की पाच?

१९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आणखी एक खटला आला. किराणा दुकानातल्या पैसे घ्यायच्या टेबलाचा. टेबलावर एक बिनतळाची, तीन बाजूंची चौकट. गिऱ्हाइकानं सामान चौकटीत ठेवायचं, चौकट ओढली की सामान घसरत गल्ल्यावरच्या माणसापुढे हजर. चौकट पुन्हा मागे ढकलायची, पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान आत. काम पटापट व्हायचं. पण टेबल जुनं, चौकट जुनी, ओढणं जुनं. निकाल देताना न्यायमूर्ती जॅक्सन यांनी जे म्हटलं, त्याचा मतलब असा : दोनात दोन मिळवले खरे, पण उत्तर आलं चारच!

मग दोन अधिक दोन पाच होतात तरी कधी? त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती ऐकून तुम्हांला थोडा रागही येईल.

बर्ट ॲडम्स नावाच्या अमेरिकन माणसानं एक विजेची बॅटरी बनवली. आत मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड. दोन्ही पदार्थ बॅटरीवाल्यांच्या चांगल्या ओळखीचे. पण ॲडम्सची बॅटरी कोरडी साठवून ठेवता यायची, आणि हवी तेव्हा आत साधं पाणी ओतलं की सुरू! वजनाला हलकी, आणि कडाक्याच्या थंडीतही चालायची. त्यांनी ती सैन्याच्या तज्ज्ञांना दाखवली. तज्ज्ञांनी मान हलवली. असं काही चालणं शक्यच नाही म्हणाले. ॲडम्सना १९४३ साली पेटंट मिळालं. दुसरं महायुद्ध चालू होतं. आणि गंमत बघा, ज्या सैन्याच्या तज्ज्ञांनी नाक मुरडलं होतं, त्याच सैन्यानं पुढे तशा बॅटऱ्या बनवून घेतल्या. ॲडम्सना न सांगताच! त्यांना याचा पत्ता लागला तो कित्येक वर्षांनी.

ॲडम्सनी थेट सरकारवरच दावा लावला. सरकार म्हणालं, "दोन्ही पदार्थ जुनेच आहेत, यात शोध कसला?" १९६६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, ॲडम्सच्या बाजूनं! पदार्थ जुने असतील, पण ते एकत्र आल्यावर जे घडलं ते जाणकारांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. चालणारच नाही असं तेच म्हणत होते ना? मग ते त्यांना सहज सुचणारं होतं असं आता कसं म्हणता येईल?

बघा मुलांनो, पेन्सिलवाल्यांचं पेटंट गेलं आणि बॅटरीवाल्यांचं राहिलं. दोघांनीही जुन्याच वस्तू जोडल्या होत्या. फरक फक्त उत्तरात. एकाचं चार, दुसऱ्याचं पाच.

आणि आपल्याकडे?

आपल्या देशाचा पेटंट कायदा १९७० सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला शोध म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यातलं 'एफ' हे पोटकलम जणू पुतणीच्या खोक्यासाठीच लिहिलंय! सोप्या भाषेत ते असं. माहितीतल्याच वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या, त्यांची मांडणी बदलली किंवा एकाच्या दोन केल्या, आणि त्यातली प्रत्येक वस्तू पूर्वीसारखंच आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे. छत्रीला पंखा लावा, नाहीतर बादलीला विजेरी बांधा. छत्री पाऊस अडवेल, पंखा वारा देईल. पण छत्रीमुळे पंख्याला नवं काही करता आलं का?

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही असा एक खटला आला होता. उत्तर प्रदेशात मिर्झापूर हे गाव आहे. तिथला भांड्यांचा धंदा मोठा. भांडं घासून गुळगुळीत करायचं तर ते लेथवर गरगर फिरवावं लागतं. उथळ ताटल्या फिरवताना त्या एकाच बाजूनं, चिकट मसाल्यानं नाहीतर पकडीत धरून बसवत. मधेच ताटली सुटून उडाली तर कारागिराला इजा व्हायची भीती. एका कारखान्यानं समोरच्या बाजूनं टोकदार आधार देऊन भांडं दोन्हीकडून पक्कं धरायची सोय केली, आणि १९५१ साली तिचं पेटंट घेतलं. दुसऱ्या कारखान्यानं तीच पद्धत वापरली, आणि जुंपली! खटला चालता चालता १९७८ साल उजाडलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की असा टोकदार आधार लेथवर काम करणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. ही कारखान्यातल्या कामात कुणीही हुशार कारागीर करील अशी सुधारणा आहे, शोध नाही. पेटंट रद्द. आधार चांगला होता, कारागिरांच्या कामाचा होता, पण त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नव्हती.

हे एवढं कडक का, असं तुम्ही विचाराल. मी सांगतो. समजा, कुणीही कुठल्याही दोन वस्तू एकत्र बांधून २० वर्षं मालकी सांगू शकला असता, तर? दप्तराला पट्टा लावायची पंचाईत, डब्याला चमचा अडकवायची पंचाईत. ज्या गोष्टी कुणालाही सुचतात, त्या सगळ्यांना मोकळ्या राहायला हव्यात. आणि ज्यानं खरंच डोकं खपवून नवं काही दिलं, त्याला त्याचं फळ मिळायला हवं. कायदा या दोन्हींमधला तराजू धरून उभा असतो.

पेटंट नाही, म्हणून वाईट?

हे सगळं ऐकेपर्यंत माझा चहा थंडगार झाला होता आणि पुतणीचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे माझं टोपण फुकट गेलं?"

मुळीच नाही! मागे रबर असलेल्या पेन्सिलीचं पेटंट गेलं, म्हणून ती पेन्सिल नाहीशी झाली का? उलट ती कुणीही बनवू शकलं, आणि जगभरच्या मुलांच्या हातात पोचली. आजही तुमच्या कंपासपेटीत आहे. वस्तू उपयोगी असणं आणि तिच्यावर पेटंट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज सकाळी धागा हाताशी आला आणि दातांची कीड टळली, तर टोपणाचं चीज झालं की नाही?

"पण ते चाराचे पाच होतील असं काही करता येईल का?" तिनं नाक पुसत विचारलं.

याला म्हणतात प्रश्न! मी म्हटलं, "टोपण आणि धागा एकमेकांशी बोलतात का ते बघ. आत्ता टोपण ट्यूब बंद करतं, आणि बॉबिन धागा धरून बसते. टोपणाला धाग्याची खबर नाही, धाग्याला टोपणाची नाही. त्यांना एकमेकांच्या कामाला कसं लावता येईल?"

ती बराच वेळ टोपण लाव-काढ करत बसली. मग म्हणाली, "टोपण आपण रोज फिरवतोच. त्याच फिरवण्यानं बॉबिन फिरली तर? ट्यूब उघडली की धागा आपोआप बाहेर! मग विसरायलाच नको."

वा! पण लगेच हिशेब करायला बसवलं तिला. दात साफ करायला धागा लागतो साधारण ४५ सेंटिमीटर. धाग्याच्या रिळाचा व्यास धरला ३ सेंटिमीटर. एका फेऱ्यात धागा निघेल ३ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ९.४ सेंटिमीटर. टोपण उघडायला दोन फेरे लागतात असं समजू. मग धागा निघाला जेमतेम १९ सेंटिमीटर. निम्मासुद्धा नाही! म्हणजे टोपणाचे दोन फेरे झाले की रिळाचे जवळजवळ पाच व्हायला हवेत. ते कसं जमायचं? सायकलीला जमतं तसं. एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान. दातांसाठी दातेरी चाक!

आता याला पेटंट मिळेल का? तसं ठामपणे सांगता येणार नाही. जाणकार म्हणतील, दातेरी चाकं तरी कुठे नवी आहेत? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली मोटारगाडीच्या पायपट्टीच्या खटल्यात हेच सांगितलं. ओळखीचे भाग ओळखीच्याच रीतीनं जोडले आणि अपेक्षित तेवढंच घडलं, तर ते सहज सुचणारं समजलं जाईल. पण पहिल्या टोपणापेक्षा हे टोपण शोधाच्या कितीतरी जवळ आहे. आता त्यातले भाग निदान एकमेकांशी बोलू तरी लागले!

नाव कुणाचं?

राहिला दुसरा प्रश्न. कल्पना एकीची आणि हात दुसरीचे. मग वस्तू कुणाची?

पेटंटच्या अर्जात संशोधक म्हणून नाव लागतं ते ज्यानं शोधाच्या कल्पनेत भर घातली त्याचं. दोघांनी मिळून घातली असेल, तर दोघांचं. नुसतं सांगितल्याप्रमाणे भोक पाडून दिलं, डिंक लावून दिला, तर तेवढ्यानं कुणी संशोधक होत नाही. मी पुतणीला विचारलं, "धागा टोपणात ठेवायचं कुणाला सुचलं?" ती म्हणाली, "तिला." "आणि टोपण फिरलं की धागा यावा, हे?" "मला." मग जरा थांबून स्वतःच म्हणाली, "पण तिनं टोपणाचं सांगितलं नसतं, तर मला फिरवायचं सुचलंच नसतं."

मी काही बोललो नाही. बोलायचं राहिलंच काय होतं? तिनं खोका उचलला आणि गेली. घरी नव्हे, समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी गॅलरीतून बघतो, तर दोघी जिन्यात बसून पुठ्ठ्याची दातेरी चाकं कापत होत्या. कट्टी संपली! अर्जावर पहिलं नाव कुणाचं? नाणं उडवून ठरवलं म्हणे.

एकट्या बसल्या होत्या तेव्हा दोघींकडे अर्धी अर्धी युक्ती होती. एकत्र आल्यावर जे निघालं, ते दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आधी नव्हतं. आता तुम्हीच सांगा, दोन अधिक दोन किती?

आईबाबांसाठी दोन शब्द : मुलांना खरंच काही नवं सुचलं असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर आधी अर्ज, मग प्रदर्शन, हा क्रम पाळावा. वस्तू एकदा चारचौघांत मांडली की ती 'नवी' आहे असं म्हणणं अवघड होऊन बसतं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटं विनामूल्य शोधता येतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं कार्यालय मुंबईत आहे. आणि वस्तूच्या कामापेक्षा तिचा आकार, दिसणं नवं असेल, तर त्यासाठी डिझाइनची वेगळी नोंदणी असते, तिचाही विचार करावा.

करून बघा : घरातल्या अशा पाच वस्तू शोधा, ज्यांत दोन वस्तू एकत्र केल्या आहेत. उदाहरणार्थ, पट्टी असलेली कंपासपेटी, दिवा असलेला पंखा, बाटली उघडायची सोय असलेला चाकू. एका कागदावर दोन रकाने आखा. ज्या जोड्या नुसत्या शेजारी बसल्यात त्या 'चार'च्या रकान्यात लिहा, आणि ज्या एकमेकांच्या कामाला मदत करतात त्या 'पाच'च्या. आणि हे कोडं : पुतणीच्या रिळावरचा धागा संपत आला, की टोपणाच्या तेवढ्याच फेऱ्यांत धागा जास्त निघेल की कमी? आणि का?

विचार करा, मित्राशी बोला. पण त्याचं नाव लिहायला विसरू नका हं!

तुमचा,
काका